कुपाटीवरची घोंगडी

आबा, आज सकाळी मी पुन्हा गॅसवर वीट तापवली. तुम्ही असतात तर हसला असतात, की पोरगी बीडला पक्क्या घरात राहते आणि शेकायला अजून वीटच लागते. आता रबरी पिशव्या मिळतात, विजेवर तापणाऱ्याही मिळतात. आमच्या वसतिगृहातल्या निम्म्या मुलींकडं तसल्या आहेत. मी इथं मुलींची देखरेख करते. क्लाससाठी त्या खेड्यापाड्यांतून येतात आणि महिन्यातून एकदा प्रत्येकीचं डोकं दुखतं. "मॅडम, डोकं दुखतंय, आज क्लासला जात नाही," असं म्हणतात आणि हात मात्र पोटावर असतो. आज एक अकरावीची अशीच भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. तिची पिशवी बिघडलेली. मी वीट तापवली, गोणपाटात गुंडाळली आणि तिच्या पोटाशी ठेवली. जरा रंग आल्यावर तिनं विचारलं, हे तुमच्या आईनं शिकवलं का. म्हटलं, नाही, वडिलांनी. तिला खरंच वाटेना. मग मी तिला आपली सगळी गोष्ट सांगितली, आणि सांगता सांगता मलाच एक गोष्ट पहिल्यांदा कळली. म्हणून लिहायला बसले.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पुढं चार वर्षांनी मला पाळी आली, ती आत्याच्या लक्षात आली. आत्या शेजारीच राहायची. तिनं मला कोपऱ्यात बसवून नियम सांगितले. चार दिवस चुलीला शिवायचं नाही, देवाला शिवायचं नाही, आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे वाघरीच्या आत पाऊल टाकायचं नाही. मेंढरांभोवती आपण जे जाळं लावायचो ती वाघर. विटाळाची बाई आत गेली की गाभण मेंढ्या गाभडतात, त्यांचा गर्भ पडतो, असं सगळेच म्हणायचे. हा नियम कुणी केला मला माहीत नाही, पण ज्यानं केला त्याचं पोट कधी दुखलं नसणार. मग प्रश्न आला तुम्हाला कळवायचं कसं. आत्या म्हणाली, "बापाला तोंडानं काय सांगायचं. तुझ्या आईची घोंगडी कुपाटीवर टाकत जा. त्याला कळंल." तेव्हापासून दर महिन्याला अंगणाच्या कुपाटीवर, त्या काटेरी कुंपणावर, आईची काळी घोंगडी पडायची. तुम्ही ती बघायचात, काही न बोलता स्वतः भाकरी थापायचात आणि मेंढरं घेऊन जायचात. आणि माझं पोट असं दुखायचं आबा, की कमरेपासून मांड्यांपर्यंत कुणी पिळा घालतंय. मी तोंडात ओढणीचा बोळा धरून पडून राहायची. तिसऱ्या की चौथ्या महिन्यात सकाळी उंबऱ्याशी गोणपाटात गुंडाळलेली वीट दिसली. निखाऱ्यातून काढलेली, हाताला सोसेल इतकीच गरम. अडलेल्या मेंढीची कूस तुम्ही अशाच विटेनं शेकताना मी पाहिलं होतं. मी ती पोटाशी धरली आणि तुमच्या नावानं पोटभर रडले. त्यानंतर घोंगडी कुपाटीवर असेपर्यंत रोज सकाळी वीट यायची. यावर आपण एक शब्दही कधी बोललो नाही.

दहावीच्या वर्षी ती पांढऱ्या तोंडाची मेंढी पहिल्या वितात, पहिल्याच बाळंतपणात, अडली. ती कोकरू असताना मीच तिला बाटलीनं दूध पाजलं होतं, त्यामुळं तिचे दिवस भरत आले तसा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. नेमकी त्याच सकाळी मला पाळी आली. मी घोंगडी टाकलीच नाही. टाकली असती तर मला तिच्या जवळ जाता आलं नसतं. दुपारी तुम्ही वाघरीतून हाक मारलीत. कोकराचा एक पाय मागं मुडपला होता आणि तुमचा हात आत जाईना. "तुझा हात बारीक हाय माय, ये बिगीनं." मी जाळ्याबाहेर उभी. माझ्या पोटात कळ आलेली, मान खाली गेली होती. आत गेले तर मेंढ्या गाभडतील असं मला शिकवलेलं, आणि नाही गेले तर ही मरणार हे डोळ्यांना दिसत होतं. तुम्ही वर बघितलंत. "काहून थांबलीस?" मी आत गेले. हाताला तेल लावलं, तुम्ही सांगाल तसा पाय चाचपला, पुढं घेतला. तिला कळ आली की मलाही यायची, दोघी बरोबरच कण्हत होतो. कोकरू जिवंत बाहेर आलं. तुम्ही त्याच्या नाकात फुंकर घातलीत आणि माझ्याकडं बघून म्हणालात, "जा, पड जरा." दुसऱ्या सकाळी उंबऱ्याशी वीट होती. मी ती पोटाशी घेतली आणि झोपून गेले. इतकं दुखत होतं की विचार करायला डोकं जागेवर नव्हतं.

आठ-दहा दिवसांत तीन मेंढ्या गाभडल्या. आत्या चार माणसांसमोर अंगणात म्हणाली, "कुणीतरी विटाळाचं आत शिरलं. त्या दिवशी पोरगी आत गेलती, आमी बघितलं." सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीत गेले असते तर बरं झालं असतं. तुम्ही उठून उभे राहिलात. "घोंगडी न्हवती कुपाटीवर. माझी पोर चांगली होती त्या दिवशी. लिंबागणेशच्या गणपतीची शपथ हाय." देवाची शपथ ऐकली तशी आत्या आपल्या घरी गेली. खरं काय ते मी सांगितलं नाही. दोन दिवसांनी तुम्ही मेंढरं चुलत्याच्या हवाली केलीत, वहाणा दाराशी काढून ठेवल्यात आणि अनवाणी लिंबागणेशला चालत निघालात. कळपासाठी नवस असेल असं सगळे म्हणाले, मीही तेच समजले. माझ्या पापासाठी बाप उन्हात, काट्यांतून चाललाय, हेच दोन दिवस माझ्या डोक्यात होतं.

परत आलात तेव्हा तळपाय बाभळीच्या काट्यांनी भरलेले. मी दारात बसून सुईनं एकेक काटा काढत होते. विचारलं, "लई दुखतंय का आबा?" तुम्ही म्हणालात, "दुखतंय की. दुखलं तर सांगावं. मेंढरू सांगत न्हाई, म्हणून त्याला वळखावं लागतं. मान टाकतं, कळपातून बाजूला उभं ऱ्हातं. तू तर माणूस हाईस, सांगत जा." मला वाटलं तुम्ही काट्यांचंच बोलताय. मी खाली मान घालून काटे काढत राहिले. तेव्हा सांगायला हवं होतं. ओठांवर आलं होतं.

पुढं आमच्या वसतिगृहात एका जनावरांच्या डॉक्टरांची मुलगी होती. त्यांना मी विचारलं, तर म्हणाले, मेंढ्या रोगानं गाभडतात, बाईच्या पाळीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तुम्हाला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मेंढ्यांचं ओझं उतरलं, तुमच्या पायांचं उतरलं नाही. माझ्या खोटेपणामुळं तुमच्या तोंडून खोटी शपथ गेली आणि तुम्हाला ते कधी कळलंच नाही, हेच मी धरून बसले होते.

आज त्या पोरीला हे सगळं सांगितलं. ती वीट पोटाशी धरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पण मॅडम, तुम्ही घोंगडी टाकलीच नव्हती ना? मग वीट कशी आली?" आबा, मी तिथंच पलंगाच्या कडेवर बसले. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. जाळ्याबाहेर मान टाकून उभी राहिले तेव्हाच कळलं की नंतर, ते आता विचारता येणार नाही. पण माहीत असून तुम्ही देवाची शपथ घेतलीत, आणि लिंबागणेशला गेलात ते कळपासाठी नाही, त्या शपथेची माफी मागायला. तुम्ही नियम मानत होतात. तरी माझ्या बाजूनं खोटं बोललात. मला तुमची फार आठवण येते.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, माझ्या पेटीत आईची घोंगडी आहे, तिच्याखाली ठेवीन. तुम्ही सांगत जा म्हणाला होतात, तर एवढं सांगते. चौथ्या दिवशी माझं पोट कधीच दुखत नव्हतं. तरी मी घोंगडी काढायची नाही, दुसऱ्या सकाळपर्यंत तशीच ठेवायची. एक वीट जास्त मिळावी म्हणून.