हिवाळ्यातल्या पाहुण्यांची वही

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे पत्र दोन दिवस तरी तसंच टेबलावर पडू देशील, मला ठाऊक आहे. तुझ्या जागी मी असते तर न फोडताच केरात टाकलं असतं. पाच महिने झाले, तू माझा फोन घेत नाहीस. आणि घेतलास तरी मला धड बोलता येणार नाही, कारण फोन हातात घेतला की तुझे बाबा शेजारी येऊन उभे राहतात आणि कोण आहे, खोली हवी आहे का त्यांना, असं विचारत राहतात. म्हणून लिहितेय. राग आला तर येऊ दे, पण शेवटपर्यंत वाच. मला तुझ्याकडे एक गोष्ट मागायची आहे, आणि ती तू दिली नाहीस तर मी दुसऱ्या कुणाकडे मागू शकत नाही. जाताना तू अंगणात मला खोटारडी म्हणालीस ना, ते काही चूक नव्हतं. फक्त तो खोटेपणा कुठून सुरू झाला ते तुला माहीत नाही, तेवढं आधी सांगते.

तू शहरात गेलीस आणि बाबा टपाल कचेरीतून निवृत्त झाले, दोन्ही एकाच वर्षी. तीन खोल्या रिकाम्या, त्यात आम्ही दोघं. तळ्यावर फिरायला येणाऱ्यांना गावात टेकायला जागा नाही, हे बाबांच्या डोक्यात कधीपासून होतं. त्यांनी ‘मुक्काम आणि न्याहारी’ अशी पाटी रंगवली आणि फाटकाला ठोकली. तू तेव्हा फोनवर पोट धरून हसली होतीस, की बाबांना साधं अंडं उकडता येत नाही आणि न्याहारी काय देणार! पण शिकले गं. पहिल्या उन्हाळ्यात तिन्ही खोल्या भरलेल्या असायच्या, वाळत घातलेल्या चादरींतून मला अंगण दिसायचं नाही. मग थंडी पडली, तळ्यावर धुकं उतरलं, आणि चिटपाखरूही फिरकेनासं झालं.

तुझ्या बाबांनी काय काय करून नाही पाहिलं! बसथांब्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेले कागद चिकटवले. दोन रात्री राहा, तिसरी फुकट. पलंगावर गरम पाण्याची पिशवी, उशाशी जास्तीची घोंगडी. बेकरीवाली म्हणाली, आता फक्त पाहुण्यांना यायचं भाडं द्यायचं राहिलंय. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. एकदा एक जोडपं आलं, खोली बघितली, बाईला आवडलीसुद्धा. मग ती बैठकीत ठेवलेली अभिप्रायवही चाळत बसली. सगळे अभिप्राय उन्हाळ्यातले. थंडीत कुणीच येत नाही म्हणजे काहीतरी कारण असणार, असं नवऱ्याच्या कानात म्हणाली, चांगलं मोठ्याने, आणि चहा न घेता दोघं निघून गेली. मी खूप चिडले. बाबा मात्र गप्प झाले. ते गप्प झाले की काहीतरी शिजतंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दोन दिवसांनी मी स्वयंपाकघरातून आले तर हे टेबलाशी, जीभ बाहेर काढून, डाव्या हाताने लिहितायत. पुढ्यात ती वही, चार वेगवेगळी पेनं, बोटं शाईने बरबटलेली. बत्तीस वर्षं या माणसाने पत्रं निवडली होती. शिक्षिका कशी लिहिते, डॉक्टर कसा लिहितो, घाईतला कसा, प्रेमात पडलेला कसा, सगळं त्यांना पाठ. त्यांनी हिवाळ्यातले पाहुणे तयार केले होते! दोन शिक्षिका बहिणी, गोल सुबक अक्षराच्या, ज्यांना धुक्यातला तळ्याकाठचा रस्ता फार आवडला. एक घड्याळजी, बारीक टोकदार अक्षराचा, ज्याला म्हणे कित्येक वर्षांनी इथे शांत झोप लागली. एक डॉक्टरीणबाई, तिचं अक्षर तर कुणाच्या बापाला वाचता येऊ नये. मी भडकले. म्हटलं, ही शुद्ध लबाडी आहे, या वयात शोभतं का? तर म्हणाले, मी कुणाच्या खिशातून काही काढलं का? नुसतं धुकं चांगलं आहे म्हटलं. आणि धुकं चांगलं आहेच.

आणि अगं, चाललं की ते! त्या हिवाळ्यात अकरा माणसं आली. वही चाळायची, हसायची, राहायची. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर घड्याळजींचा पत्ता मागितला, त्यांनाही झोपेचा त्रास होता. बाबा लगेच म्हणाले, ते पत्ता न देता जातात, फार एकलकोंडे आहेत. त्या दिवशी दार लावून आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. तेव्हापासून मीही सामील झाले, भिंगरी. हे तुला सांगितलंच पाहिजे. घड्याळजी बिनसाखरेचा चहा घेतो, हे माझ्या डोक्यातून निघालं. धाकट्या शिक्षिकेला जिन्याची भीती वाटते, तेही माझंच. थंडीच्या संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्याबद्दल बोलत बसायचो, जणू शेजारपाजारचीच माणसं. तू तेव्हा नवीन नोकरीत होतीस, महिन्यातून एकदा फोन करायचीस. घरात कुणीतरी असल्यासारखं वाटायचं, एवढंच.

तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी बाबा म्हणाले, मागची खोली तयार ठेव, घड्याळजी येतोय. मला वाटलं, थट्टा करतायत. मीही म्हटलं, हो, साखरेचा डबा लपवून ठेवते. मग त्यांनी खरोखर चादर बदलली, टॉवेल ठेवला आणि कोट घालून बसथांब्यावर जाऊन उभे राहिले. बस आली, गेली. परत आले तेव्हा नाक लाल झालेलं, म्हणाले, बस चुकली असेल बिचाऱ्याची, उद्या येईल. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. हसू कुठेच नव्हतं.

शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चित्रं दाखवली, आकडे विचारले, वार विचारला. मग मला बाहेर बोलावून सांगितलं, हे विसरणं वाढत जाणार, यावर उतारा नाही. मी विचारलं, त्या वहीमुळे झालं का? ते म्हणाले, नाही हो, वही नसती तरी हे झालंच असतं. पण मला ते अजून पटत नाही. साखरेचं मी जोडलं होतं ना. इतकी खरी करून ठेवली आम्ही ती माणसं, की बाबांच्या मनात फक्त त्या माणसांनाच जागा उरली.

तुला सांगितलं नाही. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. तुला बढती मिळाली होती, आज सांगू, उद्या सांगू. तुझा फोन आला की मी बाबांच्या कानाशी हळूच सांगायची, विचारा ऑफिस कसंय, विचारा जेवलीस का, आणि ते तसंच विचारायचे. तू खूश व्हायचीस, बाबा आजकाल किती चौकशी करतात म्हणून. मी मूग गिळून बसायची. बसचा ड्रायव्हर मात्र देवमाणूस. रोज चारच्या बसला बाबा घड्याळजीला घ्यायला थांब्यावर असतात, तर तो खिडकीतून वाकून सांगतो, आज नाही आले, काका, उद्या बघू. आणि बाबा समाधानाने घरी येतात. एवढा शहाणपणा मला सुचला असता तर तुझ्यावर ती वेळ आली नसती.

तू न कळवता आलीस. दोन बॅगा, फाटकातूनच बाबा अशी हाक. मी मागे कपडे वाळत घालत होते, धावत येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाबांनी तुझ्या हातातली बॅग घेतली, नेहमीसारखं मान लववून स्वागत केलं आणि विचारलं, किती रात्रींचा मुक्काम? तुझा चेहरा मला दिसत होता. तू त्यांचे खांदे धरून हलवलेस, म्हणालीस, मी आहे, नीट बघा, मी आहे! ते घाबरले गं. खूप घाबरले. ओळखायला हवं आणि ओळखता येत नाही, हे त्यांना कळतं, तेव्हा ते असे भिंतीकडे सरकतात. मग तू माझ्याकडे वळलीस. बोललीस त्यातला शब्दन्शब्द मला लागू होता. सकाळी न्याहारी न करता गेलीस.

पुढचं मात्र तुला माहीत नाही. तू गेल्यावर बाबा तू झोपली होतीस त्या वरच्या खोलीत गेले आणि बराच वेळ खाली आलेच नाहीत. मी वर गेले तर गादी उलटी करून बघतायत, टोचत होती का म्हणून. नळ सोडून बघितला, पाणी गार होतं का. खिडकीची कडी, दिव्याचं बटण. आपल्याकडून पाहुणी रडत गेली, असं कधी झालं नाही, काय कमी पडलं असेल, असं मलाच विचारत होते. तीन दिवस त्यांचं हेच चाललं होतं. चौथ्या दिवशी त्यांनी नव्या कापसाची उशी आणून ठेवली. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर टॉवेल धरून रडले. तुझा राग आला, माझा आला, सगळ्यांचाच आला.

आता थंडी पडली आहे. तिन्ही खोल्या रिकाम्या आहेत, आणि खरं सांगू, मला आता पाहुणे नकोतही. पण पाहुणा आला की तुझे बाबा होते तसे होतात. पाहुण्याला ओळखावं लागत नाही ना, तो परकाच असतो, म्हणून त्यांना भीती वाटत नाही. बॅग नेमकी उचलतात, डावीकडचा नळ गरम पाण्याचा असं बजावून सांगतात, अंडी नीट उकडतात, विनोदसुद्धा करतात. माझ्याशी ते असे राहिलेले नाहीत. मी त्यांना काहीतरी आठवायला लावणारी बाई झाले आहे. डॉक्टर म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हेही टिकेल असं सांगता येत नाही.

म्हणून मागते. तू ये, पण मुलगी म्हणून येऊ नकोस. चार रात्रींसाठी खोली घे. चारच्या बसने ये, ते थांब्यावर असतीलच. फाटकात हाक मारू नकोस, खांदे धरू नकोस. किती रात्री विचारलं तर चार म्हण, आणि बॅग त्यांच्या हातात दे. ते तुला वर नेतील. दार उघडून म्हणतील, ही आमच्या लेकीची खोली. मग तू फक्त एवढं विचार, कशी आहे तुमची लेक? आणि पलंगावर बसून राहा. प्रत्येक पाहुण्याला सांगतात ते, भिंगरी. सायकलवरून पडून गुडघे फोडून आलीस आणि कुणाला कळू नये म्हणून दिवसभर मोजे वर ओढून फिरलीस, ते सांगतात. तू पहिल्या पगारातून त्यांना बूट पाठवलेस, ते सांगतात. ती फार हुशार आहे, फार लांब असते, आणि फार कामात असते, म्हणून तिला त्रास देत नाही आम्ही, असंही सांगतात. एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. त्यांना लेक आठवते गं, सगळी आठवते. फक्त ती समोर आली की ओळखता येत नाही. मी हे दारामागे उभी राहून इतक्या परक्या माणसांना ऐकू दिलं. एकदा तूही ऐकून जा, ते सांगू शकतायत तोवर.

तुझीच, कसल्याही नावाने आलीस तरी तुला ओळखणारी,
आई