अंगणाची मुदत

२ फेब्रुवारी

लेक येऊन गेली. गुडघाभर गवतात उभी राहून तिने निकाल दिला— "बाबा, महिनाभरात हे अंगण माणसात आणा. नाहीतर मुकाट्याने माझ्याकडे राहायला चला."

ज्याला अंगण सांभाळता येत नाही त्याला स्वतःला काय सांभाळता येणार, असा तिचा हिशेब. तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. इस्त्रीचे टेबल हलवले की मी त्यात मावेन, असे जावईबापू म्हणाले. मी आणि इस्त्रीचे टेबल!

अंगण हिचे होते. दोन वर्षे हिच्या आजारात गेली; ती जाऊन आता पाच महिने होतील. एवढ्या काळात मी बागकामासाठी पायरी उतरलो नाही. पण झाडे लावणे ही काही विद्या नव्हे, निरक्षर माणसेही लावतात. महिना पुष्कळ झाला.

४ फेब्रुवारी

रोपवाटिकेत गेलो. खत किती घालावे, असे मालकाला विचारले. म्हणाला, मूठभर. किती ग्रॅम? तर— "साहेब, मूठ ज्याची त्याची." पाणी किती? तर म्हणे, मातीला बोट लावून बघा, तीच सांगेल.

वजनमापे निरीक्षक म्हणून मी चौतीस वर्षे काढली. असल्या इसमाचा परवाना उभ्या उभ्या रद्द केला असता.

बारा रोपे घेतली, बारा कुंड्या घेतल्या. घरी येऊन पाहतो तो प्रत्येक कुंडीच्या बुडाला भोक! पाणी गळून फरशीवर डाग पडणार, एवढेही या कारागिरांना कळत नाही. बाराही भोके सिमेंटने बुजवली, मगच रोपे लावली.

५ फेब्रुवारी

विळ्याने सगळे गवत जमिनीलगत कापले. एका दिवसात अंगण स्वच्छ. हिला याच कामासाठी आठवड्यातून तीन-तीनदा मातीत बसावे लागे. कामाला पद्धत नसली की असे होते.

११ फेब्रुवारी

गवत पुन्हा वर. सहा सेंटिमीटर. मोजले.

१३ फेब्रुवारी

शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून डोके वर काढले. हिची मैत्रीण. दोघी या भिंतीशी तासन्तास बोलत. एवढे काय बोलतात, हे मी कधी विचारले नाही. म्हणाल्या, "भाऊजी, नुसती हजामत करून काय होणार? लव्हाळा आहे तो. खाली गाठी असतात, त्या उपटा." आणि न मागता खुरपे भिंतीवर ठेवून गेल्या.

त्या दिसेनाशा झाल्यावर एक जागा उकरून पाहिली. गाठी आहेत. वहिनींचे म्हणणे बरोबर निघावे, हा या महिन्यातील सर्वांत अप्रिय प्रसंग.

१६ फेब्रुवारी

रोपांची पाने पिवळी पडत आहेत. रोज सकाळी साडेसहाला प्रत्येकी एक लिटर, मापाने मोजून देतो. एक थेंब इकडेतिकडे नाही. अर्थात तहान भागत नसावी. उद्यापासून दोन लिटर.

१८ फेब्रुवारी

सात रोपे मेली. एक उपटून पाहिले तर खाली डबके, मुळे काळी, वास असह्य. रोपवाटिकावाल्याने रोगट माल गळ्यात मारला, असे मी वहिनींना ऐकवले. त्या फाटकातून आत आल्या, कुंडी उलटी केली, सिमेंट पाहिले आणि चक्क पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. भोके पाणी जाण्यासाठीच असतात म्हणे.

मग हसू आवरून म्हणाल्या, "तिनं सांगून ठेवलं होतं मला. मी गेल्यावर हे एक दिवस बागेत उतरतील. हसू नकोस हं त्यांना, म्हणाली होती. पण काय करू, भाऊजी, राहवलं नाही हो."

मी घरात आलो.

१९ फेब्रुवारी

काही केले नाही.

२१ फेब्रुवारी

उरलेल्या पाच कुंड्यांची भोके छिन्नीने मोकळी केली. पाणी निघाले ते थेट माझ्या बुटांत.

एक गोष्ट आज ध्यानात आली. दिवसभर मी कोणाची ना कोणाची निंदा मनात नीट रचून ठेवतो, आणि संध्याकाळी ती सांगायला स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहतो. ही भाजी चिरता चिरता म्हणे, "बरं, मग?" एवढेच. त्या दोन शब्दांसाठी मी चौतीस वर्षे जगातले दोष वेचून घरी आणले. आजही गेलो होतो. रोपवाटिकावाल्याबद्दल फार चांगले वाक्य जमले होते.

२५ फेब्रुवारी

खुरप्याने गाठी काढतो आहे. आतापर्यंत तीन घमेली. कंबर कामातून गेली. वहिनींनी मुळे धरलेली आठ रोपे भिंतीवर आणून ठेवली. हिनेच पूर्वी दिलेल्या झाडांची, म्हणाल्या. उपकार न वाटू देता उपकार करायची ही युक्ती मला ठाऊक आहे. रोपे लावली. पाणी बोट लावून घातले. कोणी पाहत नव्हते.

१ मार्च

उद्या लेक येणार. अंगण तयार आहे. एवढे नीट अंगण या गल्लीत दुसरे नाही. तसे पाहता बाकीच्यांची उकिरड्यातच जमा होतात.

नकाराची वाक्ये तयार केली. ती म्हणेल, तरीही चलाच बाबा. मी नाही म्हणेन. जावईबापू म्हणतील, इस्त्रीचे टेबल केव्हाच हलवले. पुन्हा नाही म्हणेन. तिसऱ्या आग्रहाला मात्र थोडा विचार केल्यासारखे दाखवायचे. अगदीच उद्धटपणा नको.

हिची प्रवासाची छोटी पेटी माळ्यावरून काढून पुसून ठेवली. धूळ फार होती, म्हणून.

२ मार्च

लेक आली. अंगणभर फिरली, प्रत्येक रोपाशी वाकली. डोळे पुसून म्हणाली, "खरंच तुम्ही केलंत हे सगळं? आता मला तुमची काळजी नाही, बाबा."

चहा घेतला. तिच्याकडच्या त्या रिकाम्या खोलीत आता कपाटे करून घेणार आहेत. सुतार उद्याच माप घ्यायला यायचा होता. महिनाभराने बोलवते, म्हणाली, घाई काय आहे. जावईबापू गाडीतून उतरले नाहीत. जाताना फाटकाशी म्हणाली, पुढच्या महिन्यात येऊन जाते.

आग्रह एकदाही झाला नाही. मी अट पूर्ण केली. माझे म्हणणे मान्य झाले. अभिनंदन.

३ मार्च

आज झाडांना पाणी घातले नाही. उद्याही घालणार नाही. वहिनींनी विचारले तर नळ बिघडला आहे, असे सांगेन.