हात दिसतील असा फोन

३ नोव्हेंबर, सोमवार

फोन गेला. गेला म्हणजे आतली बॅटरी फुगली, मागची काच उचलून वर आली. गोदामाच्या गेटवर हिरामण बसतो, त्याला दाखवला. "नरेंद्रदादा, खिशात ठेवू नका, पेट घेल." बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला.

संध्याकाळी आठ वाजता दीक्षाचा व्हिडिओ कॉल येतो. आज आला असेल. नाशिकला बेकरीत लागून तिला सहा महिने झाले. बाकीचे बाप फोन कानाला लावून "जेवलीस का" विचारतात, संपलं. माझ्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. मला तिचे हात दिसायला पाहिजेत आणि तिला माझे.

५ नोव्हेंबर

हिरामणचा फोन मागून घेतला पाच मिनिटं. दीक्षाने भुवया उडवल्या— हा कुणाचा? हाताने सांगायला गेलो, जमलं नाही. शेवटी टाइप केलं.

हिरामणचं मत: नवाच घ्या. "स्वस्तातला घ्या, पण नवा. दोन दिवस चार्जिंग बघायला नको, वरसाची वॉरंटी. जुना भारीतला म्हंजे रिटायर माणूस. नाव मोठं, दम न्हाय."

मला चार वर्षं राहिलीत रिटायरला.

८ नोव्हेंबर, शनिवार

मानकोलीच्या गोदामातून सुटलो तो सरळ दीपेशच्या मोबाइलच्या दुकानात. अंजूर गावचा पोरगा, हुशार आहे. काउंटरवर दोन फोन ठेवले. किंमत जवळपास सारखीच.

एक नवा कोरा. मोठी स्क्रीन, मोठी बॅटरी, कॅमेऱ्याचा आकडा तर एवढा की वाचूनच दमलो. दुसरा चार वर्षांपूर्वीचा, वापरलेला, कडेला टवका गेलेला.

"काका, हा तेव्हाचा फ्लॅगशिप हाय," दीपेश म्हणाला. "म्हणजे कंपनीचा सगळ्यात वरचा. याच्या आतलं सामान आजपण या नव्याला भारी. पण बॅटरी थकलीय, आणि कंपनीचे अपडेट पुढल्या वर्षी बंद. खोटं न्हाय सांगणार."

"मला फक्त हात दिसायला पाहिजेत," मी म्हणालो. त्याला कळेना. मग दीक्षाबद्दल सांगितलं. त्याने दोन्ही फोन माझ्याकडे सरकवले. मग म्हणाला, "मग आकडे सोडा. दोन्हीवरून लावा तिला कॉल."

दुकानाच्या वायफायवर लावला. आधी नव्यावरून. ट्यूबलाइटच्या उजेडात मी हात हलवले. तिने बोटं हवेत विरघळवून दाखवली— धूर. माझी बोटं तिकडे धुरासारखी दिसत होती. हात स्थिर ठेवला की ठीक, हलवला की पुसट. आणि हात न हलवता आम्ही बोलणार काय?

मग जुन्यावरून. तिने लगेच अंगठा वर केला. माझ्या करंगळीला कामावर पट्टी बांधली होती, तिने ती ओळखून विचारलं, काय लागलं?

जुना घेतला.

९ नोव्हेंबर

रविवारीही ड्युटी, आणि फोन दुपारी चारलाच मेला. आता चार्जर डब्याबरोबर न्यायचा. हिरामणच्या केबिनमध्ये लावतो. तो हसतो. हसू दे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

एक गोष्ट कागदावरच लिहिता येईल.

चार दिवस दीक्षा स्वच्छ दिसते आहे. एकेक बोट, नखाला लागलेला मैदासुद्धा. आणि तरी तिचं निम्मं बोलणं मला कळत नाही. इतके दिवस म्हणत होतो फोन अडकतो, रेंज नाही, हात तुटतात. आता काहीच तुटत नाही.

माझी बायको संघरत्ना होती तेव्हा ती मध्ये बसायची. ती दीक्षाबरोबर शाळेत जाऊन, बाकावर बसून हातांची भाषा शिकली. माझी तेव्हा डबल ड्युटी असायची. घरी आलो की ती सांगायची, "दीक्षा असं म्हणते," आणि दीक्षाला सांगायची, पप्पा असं म्हणतात. वीस वर्षं आम्ही दोघं तिच्यातून बोललो. ती जाऊन दोन वर्षं झाली. मला हाताने येतात ते शब्द जेवण, पाणी, झोप, पैसे, ताप, आई. एवढेच.

१४ नोव्हेंबर

दोन कंटेनर खाली करून घेतले. पाठ गेली. कॉलवर नुसता बसलो होतो. तिनेच विचारलं, झोप? हो म्हणालो.

१९ नोव्हेंबर

आज तिने काहीतरी मोठं सांगितलं. चांगली दहा मिनिटं. एक खूण परत परत— हनुवटीला दोनदा बोट, मग दोन्ही तळवे जवळ. ही खूण मी पाहिलेलीच नाही. पुन्हा सांग म्हटलं. तिने पुन्हा सांगितलं, हळू. लिहून पाठव म्हटलं तर हात झटकला, नाही. पगार, बस, सुट्टी हे सगळं ती लिहूनच पाठवते. हे नाही लिहिणार म्हणे.

तिसऱ्यांदा सांगून झालं तेव्हा मी मान हलवली. हो.

काय करणार? किती वेळा "कळलं नाही" म्हणायचं पोटच्या पोरीला?

२० नोव्हेंबर, गुरुवार

तिने तेच विचारलं, भुवया वर करून. मी पुन्हा हो. मग ती रडायला लागली. आनंदाने असेल असं वाटलं म्हणून मी हसलो. डोळे पुसून तीही हसली.

२१ नोव्हेंबर

मेसेज: "रविवार येते मी. घरी थांबा." सुकट आहे घरात. ओले बोंबील मिळाले तर बघतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

दीक्षा एकटी आली नाही. बरोबर एक मुलगा— प्रितम, तिच्याच बेकरीतला, त्यालाही ऐकू येत नाही— आणि त्याचे आईवडील. जय भीम झाला. त्याच्या आईने पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. म्हणाली, "दीक्षा म्हणाली, पप्पांचा होकार आहे. म्हणून आलो."

मी पुडा घेऊन उभाच. मग दीक्षाला आत स्वयंपाकघरात नेलं आणि कॅलेंडरच्या मागे लिहिलं— मला काहीच कळलं नव्हतं. मी नुसती मान हलवली.

तिने पेन घेतलं. "माहीत मला. दोन्ही दिवस माहीत. म्हणून त्यांना घेऊन आले. समोर दिसले की कळेल."

पेन ओट्यावर ठेवलं, मला स्टुलावर बसवलं, आणि हाताने पहिल्यापासून सांगायला लागली. बाहेर पाहुणे थांबले होते. मला कळेपर्यंत तिने पुढची खूण केली नाही.