आईचे मातीचे हात

१४ मे १९९१, लॉजवर

दादा अजून माझ्याशी बोलत नाहीये. नको बोलू दे. मी माफी मागणार नाही.

सकाळी सगळे मगरी बघायला गेलो. दादाच्या ऑफिसातली चार कुटुंबं, आणि दादा, आई, मी. तिथल्या माणसाने तोंड बांधलेलं एक पिल्लू वर धरलं नि विचारलं, "कौन पकडेगा?" साहेबलोक मागे सरकले. आई पुढे गेली. आधी वाकून मूठभर माती घेतली, तळहातांना चोळली. तो हसला. "आंटी, ये फिसलता नहीं."

"सवय हाय बाबा," आई म्हणाली. "बदलापूरच्या नदीत वाम मासा असाच धरायचे. उल्हासनगरच्या बाजारात धा वर्सं मासळी इकली मी."

आणि पिल्लाला मानेमागे अस्सं धरलं, की त्याने शेपूटही हलवली नाही. टाळ्या मी वाजवल्या. एकटीनेच.

दादाने ऑफिसात म्हणे सांगितलंय, आमचे वडील हेडमास्तर होते! त्याने असं सांगितलंय हे मला काय माहीत? जेवताना आईला हळूच म्हणाला, "ते हात तरी नीट धू." तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलले, "याच हातांनी तुला शिकवलंय." जरा मोठ्यानेच बोलले का? बोलले तर बोलले.

फोटो काढलाय मी. आई, पिल्लू, मातीने भरलेले हात. अंबरनाथला पोचले की रोल धुवायला टाकते. चांगला मोठा करून दादाच्या हॉलमध्ये दारासमोरच लावणार. साहेब चहाला आले की आधी हात दिसले पाहिजेत.