दारात काय आहे, हे मी विचारलं नाही

आबा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. मला, तुमच्या लेकीला, तुमची लाज वाटायची, हे तुम्हाला ठाऊक होतं का? देवणीच्या बसस्टँडवर तुम्ही कंट्रोलर. कानावर पेन्सिल, हातात गाड्यांच्या वेळांचा पुठ्ठा आणि तोंडात सगळ्या गावाच्या चौकशा. हैदराबादची गाडी लागली की तुम्ही खिडकीखिडकीशी जाऊन बायांना विचारणार, “कुठं निघालीस माय? संगं कोन हाय? ज्येच्याकडं जाऊन राहिलीस, त्येच्या दारात काय हाय, सांग बरं.” खरंच मामाकडं निघालेली बाई हसून सांगायची, लिंब हाय, नळ हाय, म्हस बांधलेली हाय. पढवून आणलेली बाई गप्प व्हायची. माझ्या मैत्रिणी तुमची नक्कल करायच्या आणि मीही त्यांच्याबरोबर हसायचे.

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पाठोपाठची ती कोरडी वर्षं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या, विहिरींना मात्र त्याचं काही नव्हतं. मुकादम यायचे आणि हैदराबादेकडं काम आहे म्हणून पोरी घेऊन जायचे. एकदा तुम्ही गाडी वीस मिनिटं अडवून एका पोरीला खाली उतरवलंत आणि सरळ घरी आणलंत. तिला दारातलं काहीच सांगता आलं नव्हतं. तिच्या भावाला निरोप धाडला, तो यायला दोन दिवस लागले, आणि गाडी उशिरा सोडली म्हणून तुम्हाला वरून मेमो आला तो वेगळाच. घरात टँकरचं पाणी, तेही दोन घागरी. मी त्या पोरीला तोंडावर विचारलं, “तुम्ही कधी जाणार?” तुम्ही ऐकलंत. मारलं नाहीत, ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात, “माझ्या आंघुळीचं पानी तिला द्या. हिचं हिला ऱ्हाऊ द्या.” त्या दिवशी तुम्ही आंघोळीवाचून राहिलात, मी मात्र आंघोळ केली. पाणी अंगावर घेताना रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी भराभरा ओतत होते.

तुम्ही गेल्यावर मी विमान कंपनीत लागले. परदेशी जाणाऱ्यांचे कागद बघायचे, सामान घ्यायचं आणि पुढं सोडायचं. कंट्रोलरकीच म्हणा, फक्त गणवेश कडक इस्त्रीचा. बोलणंही मी इस्त्रीचं करून घेतलं. सुरुवातीला तोंडातून एकदा ‘हो’च्या जागी ‘हाव’ गेलं, तर सोबतच्या मुली महिनाभर मला ‘हाव मॅडम’ म्हणत होत्या. पुन्हा ते कधी जाऊ दिलं नाही.

मध्यंतरी कंपनीनं मानवी हक्कांचं आणि सचोटीनं धंदा करण्याचं धोरण काढलं. दरवर्षी आम्ही त्यावर सही करतो. माणसं फसवून नेली जात असतील तर ती ओळखायची कशी, याचं प्रशिक्षणही होतं. पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात आहे का, बाई घोकलेली उत्तरं देते का, पोचल्यावर कुठं राहणार हे तिला माहीत आहे का. तो व्हिडिओ पाहताना मला हसू आलं. आबा, तुमचं बसस्टँड त्यांनी इंग्रजीत आणलं होतं. उड्डाण उशिरा सुटलं तरी चालेल, कळवणाऱ्याला कसलाही त्रास होणार नाही, असंही त्यात लिहून दिलंय. तुम्हाला मेमो मिळाला होता. मला तर तीही भीती नव्हती.

पाच महिन्यांपूर्वी एक बाई माझ्यासमोर आली. देगलूरकडची, आखाती देशात घरकामाला निघालेली. तिचा पासपोर्ट सोबतच्या माणसाच्या खिशात. तो कागद शोधत होता तेवढ्यात ती फोनवर आईशी बोलत होती, “कागद माझ्यापाशी न्हाईत गं आये. कुनाच्या घरी ठेवनार ते बी सांगून न्हाई राहिले. तू रडू नको.” मी चार हातांवर होते. मग मी यादीतले प्रश्न विचारले, हिंदीत. तिनं त्या माणसाकडं बघत हिंदीतच घोकलेली उत्तरं दिली. रांग मोठी होती. तुमचा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता, पण तो इस्त्रीच्या बोलण्यात विचारता येईना. ‘संशयास्पद काही नाही’ या चौकटीत खूण केली आणि तिला सोडलं.

पोचल्यावर तिचा आईला एक फोन आला, पुन्हा नाही. तिच्या आईनं कोणाकडून तरी अर्ज लिहून घेतला, त्यात विमानतळावरून आलेल्या फोनचंही होतं; तो फिरत फिरत कंपनीच्या नीतिमत्ता विभागात आला. त्यांनी माझा जबाब घेतला. मी लिहून दिलं, ‘प्रवासी फोनवर काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.’ विभागातली बाई भली. म्हणाली, “तुम्ही काही ऐकलं असतं तर त्या माणसावर तक्रार उभी राहिली असती, तिकडच्या वकिलातीला धरता आलं असतं. नाही ऐकलंत, तुमचा काय दोष?” घरी येऊन मी जेवले, झोपलेही. आठ दिवस असेच काढले.

काल मी जबाब बदलून दिला. फोनवरचा शब्द न् शब्द लिहिला, त्या माणसाचं वर्णन लिहिलं, आधी खोटं सांगितलं तेही लिहिलं. चौकशी माझीही होईल, होऊ दे. ती बाई सापडेल की नाही, कुणीच सांगत नाही. तुम्ही असता तर पाठीवर हात ठेवला असतात. म्हणूनच हे पत्र लिहायला बसले, कारण तो हात घेण्याचा मला हक्क नाही. हे पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही. घरातही कुणाला दाखवणार नाही.

जबाबात एक गोष्ट मी कालही लिहिली नाही. तिची बॅग पट्ट्यावर चढेना, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “उचल की माय वर.” तिनं एकदम मान वर केली. अख्ख्या विमानतळावर तिला कुणीतरी आपलं भेटलं होतं. अगदी हळू विचारलं, “बाई, तुमी आमच्या तिकडल्या व्हय?”

मी म्हटलं, “नहीं. आगे बढ़िए.”