साडूंच्या छातीवरचा बिल्ला

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
नवीन अणुवीज केंद्र.

विषय : कोळसा केंद्रातील कर्मचाऱ्यासही किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला मिळण्याबाबत.
संदर्भ : गेल्या रविवारी सासऱ्यांच्या घरी झालेले जेवण.

महोदय,

मी शेजारच्या कोळसा वीज केंद्रात बॉयलर चालवतो. आपला दुसरा संच सुरू होताच आमचे केंद्र बंद होणार आहे. त्याबाबत तक्रार नाही. पुढचा काळ बिनधुराच्या विजेचा आहे, हे मलाही कळते. तक्रार आपल्या नियंत्रण कक्षात काम करणाऱ्या माझ्या साडूंबद्दल आहे.

१. सदर बिल्ला पाळी संपल्यावर फाटकावरच ठेवायचा असतो, असे मी मुद्दाम चौकशी करून समजून घेतले आहे. साडू तो शर्टाला लावून जेवायला आले. विचारले तर म्हणाले, "विसरलो हो." अंगातला शर्ट मात्र कोरा, इस्त्रीचा होता.

२. सासरेबुवांनी चष्मा लावून बिल्ला न्याहाळला व साडूंना पंख्याखाली बसवले. मला म्हणाले, "जावईबापू, तुमच्या धुराचं आता काही खरं नाही." तो पंखा आजही आमच्याच विजेवर फिरतो, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

३. कोळशाच्या राखेतही किंचित किरणोत्सर्ग असतो, असे वाचनात आले. तपासणीसाठी राखेची पुडी सोबत जोडली आहे. तरी मलाही एक बिल्ला मिळावा. त्यावर काहीच उमटले नाही तरी चालेल.

४. ही निव्वळ पोटदुखी आहे, असे माझ्या पत्नीचे म्हणणे आहे व ते बरोबर आहे. साडूंनी गाडी घेतली तेव्हाही मी जळलो होतो, पण ते गिळता आले. या वेळी गिळता येत नाही. माझी मुलगी नुकतीच आपल्याकडे प्रशिक्षणार्थी म्हणून लागली आहे. हात वाळेपर्यंत ती साडूंना अणुभट्टीबद्दल विचारत बसली. तुमच्याकडेही शेवटी पाणी उकळून वाफेवरच चाक फिरते, आणि वाफेत माझा जन्म गेला, म्हणून मी दोन शब्द सांगू लागलो. तर म्हणाली, "बाबा, थांबा ना जरा. काकांना बोलू द्या."

५. सबब, बिल्ला नाही दिलात तरी हरकत नाही. मुलीला साडूंच्या पाळीत मात्र ठेवू नये. नवी वीज तिने जरूर शिकावी, पण दुसऱ्या कोणाकडूनही शिकावी. लहानपणी ती दिव्याचे बटण दाबून माझ्याकडे बघायची. वीज बाबा करतात, असे तिला वाटे. ते खोटेही नव्हते.

आपला नम्र शेजारी,
(सही)
बॉयलर चालक,
कोळसा वीज केंद्र (अद्याप चालू)
दिनांक : सदर जेवणानंतरचा सोमवार