जावळाचं स्वस्तिक

आई, तुझ्या पणतूच्या डोक्यावरचं स्वस्तिक जर्मनीत एका बाईनं थुंकीनं घासून काढलं आणि मी तिचं नाक फोडलं. तुला सांगायलाच हवं, कारण स्वस्तिक रेखायला तूच शिकवलंस, तेही मारून. धाकट्या भावाचं जावळ काढलेलं. नागपूरच्या आपल्या स्वयंपाकघरात तो तुझ्या मांडीवर रडतोय, तुळतुळीत डोक्यावर हळद, आणि कुंकवाचं बोट माझं. स्वस्तिकाचा एक पाय उलटा वळला तशी तू लाटणं माझ्या बोटांवर हाणलंस. “उलटं काहून काढून राहिली वं? पोराच्या जीवावर उठली का?” आत्या हसली, “बोटं मोडशील तर पोळ्या कोण लाटन वं?” नखाखाली रक्त साकळलं. त्याच बोटानं तू ते पुन्हा काढून घेतलंस.

जर्मनीत लेकीच्या घरी जावयानं जावळावर मशीन फिरवलं आणि मी माझ्या नातवाच्या डोक्यावर स्वस्तिक काढलं, तुझ्यासारखं, चार टिंबांसकट. “बाहेर टोपी घाल हं त्याले,” लेक म्हणाली. मला वाटलं, थंडीसाठी. इतिहास घेऊन बी.ए. झालेली मी. नाझींचं निशाण पुस्तकात पाहिलेलं, पण ते काळं, झेंड्यावरचं. बाळाच्या टाळूवरचं लाल कुंकू पाहून ते आठवायचं कशाला?

लेक पाव आणायला दुकानात गेली. मी बाबागाडी घेऊन बाहेर उभी. ऊन लागलं म्हणून टोपी काढली. माझ्याच वयाची एक बाई समोर येऊन थबकली, आणि किंचाळली. मला एक अक्षर कळेना. ती रुमालावर थुंकली, बाळाची मान धरली आणि घासत सुटली. बाळ निळंजांभळं होईतो रडतंय, ती घासतेच आहे, अंगठीचा ओरखडा उमटतो, त्यातून रक्त येतं. मी मूठ वळून मारलं. हाडाचा आवाज झाला. ती पडली. कोणीतरी माझा हात पाठीमागे पिरगाळला, तरी मी लाथ झाडतच होते.

पोलीस आले, लेकीनं मध्ये पडून, त्या बाईशी बोलून मिटवलं. घरी बाळाला छातीशी धरून ती उभी राहिली, माझ्याकडे देईना. “त्या बाईच्या आजोबाले घरातून ओढून नेलं, रस्त्यात ठेचून मारलं. मारणाऱ्यांच्या दंडावर हेच होतं, आई.”

“मग माझ्या नातवानं काय केलं?”

“त्यानं काही नाही केलं. अन् आता तूही काही करू नको. त्याच्या डोक्याले पुन्हा हात लावायचा नाही. कळलं का तुले?”

मी म्हटलं, “कळलं.” तेव्हा कुठे तिनं बाळ दिलं.

परत येऊन बरेच दिवस झाले. तू गेलीस तिकडे पत्र पोचवणारी पेटी नाही, म्हणून मनातल्या मनातच तुला सांगते. त्या आजोबांचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण तो ओरखडा आठवला की माझी मूठ अजून आपोआप वळते. लेकीसमोर तेव्हा मला काहीही कळलेलं नव्हतं, आई. ती बाळ हातात देणार नाही, या भीतीनं मी ‘कळलं’ म्हटलं.